सोडलेली तीन पानं

सध्या माझं वाचन चार ठिकाणी चालू आहे, आणि चारही ठिकाणी मी गोगलगायीसारखी हळू आहे. सकाळी चहा झाला की एका जाडजूड कादंबरीची दहा पानं. तिचा दुसरा भाग अजून फडताळात आहे, आणि या गतीनं आधी तो संपेल की मी, यावर माझी भाची पैज लावायला तयार आहे. दुपारी निजामाच्या काळातल्या आपल्या मुलखाविषयीचं एक पुस्तक. त्यातले उर्दू शब्द वहीत उतरवून ठेवते, कारण त्यातले निम्मे माझ्या आईच्या तोंडी होते आणि ते उर्दू आहेत हे मला आता साठी उलटल्यावर कळतं आहे. स्वयंपाकघरात कवितांचं एक पातळ पुस्तक, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक कविता. चौथं भाचीनं मोबाइलवर पाठवलेलं, ते डोळे दुखायला लागेपर्यंत. शिवाय इथल्या, म्हणजे धारूरच्या, वाचनालयातलं एक कपाट मी वरच्या फळीपासून ओळीनं वाचायला घेतलं आहे. तिसऱ्या फळीवर आले आहे. ग्रंथपाल बाई म्हणतात, मॅडम, मधलं मधलं सोडत चला की, त्यात काय आहे. मला सोडता येत नाही. प्रस्तावना, ऋणनिर्देश, सगळं वाचते. शेवटी शुद्धिपत्र असलं तर ते आधी काढून पेन्सिलीनं चुका दुरुस्त करते आणि मगच पहिलं पान. दोन पानं एकमेकांना चिकटलेली निघाली तर आजही मी तिथंच थांबते. ती सुटी होईपर्यंत पुढचं अक्षर दिसत नाही. भाचीला हा रिटायर मास्तरणीचा चक्रमपणा वाटतो. चक्रमपणा असता तर बरं झालं असतं. ही भीती आहे, आणि ती कुठून आली हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं गाव शिरूर कासारच्या पलीकडं, माळावर. दसरा झाला की गावात ऊसतोडीचे ट्रक यायचे आणि दोन दिवसांत गाव निम्मं रिकामं व्हायचं. कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, बांबू, भांड्यांची पोती, कोंबड्यांची डालगी, शेळ्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. आई आणि अण्णाही त्यातच. मी सातवीत गेले तेव्हापासून मला ऊसतोडीला नेणं त्यांनी बंद केलं आणि मोठीआईपाशी ठेवलं. मोठीआई म्हणजे माझी थोरली चुलती. गुडघा धरल्यामुळं तिचं तोडीला जाणं सुटलेलं, चुलते वारलेले, मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. दुपारी ऊन चढलं की पत्रा तडतडायचा आणि संध्याकाळी उतरलं की पुन्हा तडतडायचा. ट्रक गेल्यावर गावात दुसरा आवाजच नसायचा. पिठाची गिरणी दिवसाआड तासभर पुकपुकायची, तीन वाजता एस.टी. फाट्यावर हॉर्न द्यायची, संपलं. मोठीआई भाकरी थापायची ती मात्र ऐकत राहावी अशी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हिवाळ्यात हरभऱ्याची सुकी भाजी, एवढ्यावर आमचे सहा महिने जात. मोठीआईला फार बोलणं लागत नसे. पण ती जे बोलायची ते तापल्या तव्यासारखं, हात लावायची सोय नाही.

ट्रक गेले की दुसऱ्या दिवशी मागं राहिलेल्या बायका पोथी लावत. नऊ दिवसांचं पारायण, गेलेली माणसं हातापायानं धड परत यावीत म्हणून. ज्या घरातली जितकी माणसं गेली, तितक्या सुपाऱ्या त्या घरानं ताम्हणात आणून ठेवायच्या. नऊ दिवस ताम्हण पोथीसमोर, दहाव्या दिवशी ज्याची त्याची सुपारी ज्याच्या त्याच्या देवघरात, आणि माणूस परत आल्यावर ती वाहत्या पाण्यात सोडायची. वाचायला आधी गावातले एक म्हातारे असायचे. त्यांची नजर गेली. बायकांत वाचता येणारी एकही नव्हती, म्हणून त्या वर्षी पाट माझ्याकडं आला. मला केवढा अभिमान वाटला होता. मोठीआईनं पहिल्याच दिवशी नियम सांगितले. एक वेळ जेवायचं, कांदा-लसूण नाही. वाचताना मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. पोथीचं पान पुढंमागं चाळायचं नाही, मधूनच उघडून वाचायचं तर मुळीच नाही. एक शब्द गाळायचा नाही. "आन् नऊ दिस शाळंच्या धड्याबिगर डोळ्याखालून दुसरं अक्षर जायचं न्हाई," ती म्हणाली. "चुकलीस तर तुला काई व्हनार न्हाई. ताम्हनातल्या मानसाला व्हईल."

हे सगळं ऐकलं, आणि दुसरं न वाचण्याचा नियम मी पहिल्याच संध्याकाळी मोडला. त्याचं कारण शाळेतलं कपाट. आमच्या शाळेत पुस्तकांचं एकच लोखंडी कपाट होतं आणि गुरुजींनी पुस्तकांना नंबर घालून एक रजिस्टर केलं होतं. मी एक नंबरपासून ओळीनं सगळं कपाट वाचायला घेतलं होतं. वर्गातली आणखी एक मुलगी माझ्या मागोमाग, एका नंबराच्या अंतरानं येत होती. शनिवारी पुस्तक परत केलं तरच पुढचं मिळे. न केलं तर पुढचा नंबर तिला. मी एकसष्टवर होते. एकसष्ट नंबराला पुठ्ठा नव्हता, पहिली पानंही नव्हती, त्यामुळं त्याचं नाव मला आजतागायत माहीत नाही. डोंगरावरच्या घरात चुलत्यानं कोंडून ठेवलेली एक मुलगी, आणि तिच्या डोक्यावरच्या रिकाम्या माडीत रोज चालणारी कुणाची तरी पावलं. मी ते गोठ्यात, कडब्याच्या आडोशाला बसून वाचत होते, आणि भ्यायले तरी हातातून सुटत नव्हतं. आमच्या पत्र्याचा आवाज झाला तरी मी दचकायची. शनिवार उजाडला तेव्हा शेवटची वीस-बावीस पानं राहिली होती. ती पावलं कुणाची, हे त्या पानांत होतं.

तो पारायणाचा पाचवा दिवस. एरवी आम्ही सकाळी शाळेआधी बसत असू. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून त्या दिवशी वाचन दुपारी बारानंतर. गुरुजी तीनच्या एस.टी.नं गावी जाणार, तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडायला हवं. आणि पाचव्या दिवसाचा भाग सगळ्यात लांब. मी वाचायला लागले. पंधरा-सोळा बायका, उकाडा, उदबत्तीचा धूर. माझ्या अगदी समोर कमलवहिनी. ती आमच्या शेजारची, नांदूरघाटकडची लेक, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिला दोन महिन्यांची मुलगी होती म्हणून ती त्या वर्षी तोडीला गेली नव्हती. तिचा नवरा शिवादादा आपल्या भावाबरोबर गेला होता. ती पदराआड मुलीला पाजत ऐकत होती. पोथी सुट्या पानांची. वाचलेलं पान उचलून डावीकडं पालथं ठेवायचं, की खालचं पुढं. राणीला राजानं घराबाहेर काढलं आहे, ती एकटी रानात शिरली आहे, इथपर्यंत मी आले. दारातल्या उन्हाकडं बघितलं. सव्वादोन तरी झाले असावेत. मी ते पान उचललं आणि त्याबरोबर खालची आणखी तीन उचलली. चुकून नाही. तीन पानं म्हणजे वीस मिनिटं, हा हिशेब करून उचलली. पुढच्या पानावर राणी पालखीत बसून माहेरी निघाली होती. माझा आवाज हललासुद्धा नाही. कुणी मान वर केली नाही.

पुस्तक मी शाळेच्या भिंतीला टेकून संपवलं आणि एस.टी.च्या हॉर्नआधी गुरुजींच्या हातात दिलं. बासष्ट नंबर मिळाला. माडीतली पावलं कुणाची होती हे तेव्हा कळलं, पण आता विचाराल तर सांगता येणार नाही. इतकी वर्षं वाचते आहे, शेकडो पुस्तकांचे शेवट लक्षात आहेत, आणि ज्याच्यासाठी ते केलं तेवढाच पुसला गेला आहे.

भीती त्या दिवशी आली नाही. ती दहाव्या दिवशी आली, सुपाऱ्या परत देताना. मोठीआई नाव घेऊन एकेक सुपारी देत होती, बायका ती कपाळाला लावून पदरात बांधत होत्या. आमच्या दोन सुपाऱ्या तिनं माझ्या हातावर ठेवल्या आणि मला ती तीन पानं आठवली. त्यानंतर मला झोप लागेना, घास उतरेना. मोठीआईला वाटलं नऊ दिवसांच्या उपासानं पोटात खड्डा पडला, म्हणून ती ताटात दूध जास्त वाढायला लागली. त्यानं मला रडू यायचं. सांगून टाकावं असं रोज ठरवायची. तिच्या तोंडाकडं बघितलं की भांडी घासायला उठायची. ती तीन पानं आता गुपचूप वाचून घ्यावीत, असंही डोक्यात आलं. दोनदा मी लाल फडक्यात बांधलेल्या पोथीपर्यंत गेले. पण मधूनच उघडून वाचायचं नाही, हा नियम होता, आणि एक नियम मोडून काय वाढून ठेवलं आहे ते कळायच्या आत दुसरा मोडायची छाती होईना. बासष्ट नंबर न उघडता परत केला. गुरुजींनी डोळे मोठे केले. मी देवाला सांगितलं होतं, आई-अण्णा सुखरूप आले तर गोष्टीच्या पुस्तकाला हात लावणार नाही. हा शब्दही मी पुढं पाळला नाही, ते तुम्ही बघतच आहात.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. गावात फोन एकच, किराणा दुकानात. दुकानदार दुपारचा देवळासमोर येऊन उभा राहिला आणि आवाज न चढवता सांगायला लागला, त्यावरूनच बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उलटली होती. वर बसलेली माणसं खाली सापडली. आपल्या गावच्या टोळीतली आहेत, नावं कळली नाहीत, फोन मध्येच तुटला. गावातले तीन-चार पुरुष जीप करून गेले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गावात कुणाची चूल नीट पेटली नाही. बायका दुकानाच्या पायरीवर फोनकडं तोंड करून बसल्या. मी देवघरासमोर बसले. आमच्या दोन सुपाऱ्यांकडं बघत राहिले, आणि मला त्यातली एक आई दिसायची आणि एक अण्णा. मग वाटायचं, दोघांतलं एकच जायचं असेल तर कोण? हा विचार मी पुरा करत नव्हते, पण तो पुन्हा येत होता. आईबापाला मारलं ते मीच, वीस मिनिटांसाठी, याबद्दल माझ्या मनात तिळाइतकी शंका नव्हती. पुढं आयुष्यात भ्यायचे प्रसंग पुष्कळ आले, दवाखान्यातले आले, भूकंपाची रात्रही आली. त्या दीड दिवसाइतकी मी कधीच भ्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जीप आली. मी मोठीआईच्या पाठीमागं उभी होते, तिचं लुगडं मुठीत धरून. जीपमधून उतरलेला माणूस कुणाकडं न बघता सरळ आमच्या शेजारच्या दारात गेला. शिवादादा गेला होता. बाकी दोघांना मार लागला होता, पण ती दुसऱ्या वस्तीवरची. आई-अण्णा त्या ट्रॉलीत नव्हतेच. कमलवहिनीचा आवाज भिंतीपलीकडून आला, आणि तो ऐकत असताना मला जे वाटलं तो आनंद होता. दुसरं नाव त्याला देता येणार नाही. मी खाली बसले आणि हसले. मोठीआईनं ते पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तिला वाटलं पोरगी हबकली. मग दोन-तीन दिवसांनी, तेरावं व्हायच्या आतच, मला कळायला लागलं की ताम्हणातला माणूस गेलाच होता. फक्त तो माझा नव्हता.

आई-अण्णा चैत्रात परत आले. आई माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाली, पोरीनं पोथी लावली म्हणून आमी दोघं उभे हाव. मी शेळीला पाणी दाखवायला म्हणून उठून गेले. कमलवहिनीच्या घराकडं मी वर्षभर नजर उचलून बघितलं नाही. ती आडावर दिसली की मी घागर तशीच घेऊन परत यायची. पुस्तकं मात्र पुन्हा वाचायला लागले, आधीपेक्षा जास्त, आणि प्रत्येक पान दोन बोटांत चोळून बघत, खाली दुसरं चिकटलं नाही ना.

पुढचा दसरा आला. ट्रक दुसऱ्या दिवशी निघायचे होते. आई-अण्णा बांधाबांधीला मुकादमाकडं गेलेले, मोठीआई गिरणीत. कमलवहिनी मुलीला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. ती त्या वर्षी दिराबरोबर तोडीला निघाली होती, मुलीला घेऊन. ती उंबऱ्याच्या आत बसली आणि म्हणाली, "सुमे, परवा ताम्हन लागंल तवा माझी सुपारी ठिवू नका. मोठीआईला तू सांग. मला सांगवत न्हाई."

मी विचारलं, "कावून?"

"मागल्या साली पाचव्या दिशी माझा डोळा लागला," ती म्हणाली. "पोरीला पाजता पाजता. लई वेळ झोपले गं. डोळा लागला तवा राणी रानात शिरलती. आन् उघडला तर पालखीत बसून म्हायेराला निघालती. मदलं सगळं झोपेत गेलं माझ्या. बाकी समद्या जाग्या हुत्या, त्यांचं कुनाचं काय झालं न्हाई. माझंच झालं."

ती हे रडून सांगत नव्हती. वर्षभर रोज स्वतःला सांगून सांगून ते तिच्याकडं पक्कं झालं होतं, घरचा पत्ता सांगावा तसं तिनं सांगितलं. आणि मला दिसत होतं की ती झोपली असेल तर श्वासभर झोपली असेल. ती लांब झोप मी तिला दिली होती. आता न बोलता उठून गेले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी ती निघून जाणारच होती, आणि गावाला यातलं काही कधी कळलं नसतं. मी हा विचार केला, अगदी नीट केला. मग तोंडातून आपोआप निघालं.

"वहिनी, तू लई वेळ झोपली न्हवतीस. मदलं मी वाचलंच न्हाई. तीन पानं सोडली मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. आता ती ओरडेल, गल्ली गोळा होईल, मोठीआई गिरणीतून येईल, आईला कळेल. तिनं मुलीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कावून सोडली?"

"शाळंचं पुस्तक संपवायचं हुतं."

मुलगी तिच्या गळ्यातली काळी दोरी ओढत होती. "काय हुतं त्या पानांत?" तिनं विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही, मी अजून बघितली नाहीत. "आण," ती म्हणाली.

मी पोथी काढली. दिवा नाही, उदबत्ती नाही, आंघोळीचं सोवळं नाही. लाल फडकं सोडताना गाठ सुटेना, तिनंच ती सोडून दिली. मी ती तीन पानं काढली आणि वाचली, सुरात नाही, धड्यासारखी. राणी रानात झाडांना वाट विचारत फिरते. बोरीला विचारते, बाभळीला विचारते, पळसाला विचारते. एकालाही माहीत नसते. मग एक म्हातारा तिला मूठभर फुटाणे देतो, ती ते खाते, ओढ्याचं पाणी पिते आणि झाडाखाली झोपते. सकाळी माहेरची पालखी येते. तिसऱ्या पानाच्या पाठीमागच्या शेवटच्या ओळीपर्यंत मी वाचलं. कमलवहिनी माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होती, एकदाही पापणी न पाडता.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"ह्यात तर काईच न्हाई." तिनं पान हातात घेतलं, उलटं करून बघितलं, तिला वाचता येत नव्हतं तरी. मग ते माझ्यापुढं ठेवलं. तिचा आवाज इतका वेळ सरळ होता तो आता पहिल्यांदा फाटला. "मग आता त्ये कुनामुळं गेले म्हनायचं मी, सुमे?"

बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, ती मुलीला घेऊन उठली आणि गेली. मोठीआई यायच्या आत पोथी बांधून ठेवायला हवी होती. मी पानं लावायला बसले, पण एकेक पान दोन बोटांत चोळून बघत राहिले, क्रम लागेना.